मडगार्डाच्या चालीवर

ज्याला धड चालता येतं त्याने हे वाचलं नाही तरी चालेल. मी लिहितोय ते आत्ता खाटेवर पडून स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बघणाऱ्यांसाठी. तो हलत का नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडला असाल. मीही चिडलो होतो. अंगठ्याला शिव्यासुद्धा दिल्या. त्यांचा काही उपयोग होत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी एसटीत कंडक्टर. डेपो भोर, गाव वरवे बुद्रुक. आजाराचं नाव लांबलचक होतं आणि डॉक्टरांनी दोनदा सांगूनही ते माझ्या तोंडात बसलं नाही. नसांचा आजार एवढं म्हटलं तरी पुरे. पायापासून वर चढत जातो, एका जागी थांबतो, आणि नशीब बरं असेल तर आल्या वाटेने उतरतो. माझं नशीब बरं होतं. पण उतरायला त्याने फार वेळ लावला, आणि त्या वेळाचीच ही हकिकत आहे.

वेल्ह्याची सकाळ

आदल्या संध्याकाळी आमची गाडी वेल्ह्याला मुक्कामी होती. सकाळी उठलो तर दोन्ही तळपायांना मुंग्या. गारठ्याने आल्या असतील म्हणून मी पाय आपटले, चहा घेतला आणि कामाला लागलो. दुधाचे कॅन चढले, माणसं चढली. मी शेवटी पायरीवर पाय ठेवला, आणि तो पाय माझा नव्हताच. तिकिटांच्या पेटीसकट मी खाली बसलो.

"सकाळ सकाळच घेतलीया जनू!" खिडकीतून एक म्हातारी म्हणाली.

मी पंचशील पाळणारा माणूस. दारूचा वाससुद्धा मला सहन होत नाही. पायांपेक्षा त्या बोलण्याचीच कळ जास्त लागली. आमचे ड्रायव्हर जगूनाना केबिनमधून उतरून आले आणि मला काखेत धरून उचलत म्हणाले, "गप बसा मावशे. ह्यो गडी च्या सुदिक दुसऱ्यांदा घेत न्हाई."

भोरपर्यंत मी माझ्या सीटवर बसूनच तिकिटं फाडली. पैसे हातोहात पुढे येत होते, तिकिटं हातोहात मागे जात होती. भोरच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता म्हणे. तो उडाला नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या पायावर मारली, मग हातोडी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता जगूनानांना म्हणाले, "आजच पुण्याला न्या."

पुण्याच्या गाडीत बसताना माझी बायको शांता निरोप मिळताच धावत आली. ती शेतातून तशीच आली होती, हाताला माती होती. तिने काही विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

एका दमात नसरापूर

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी. कमरेखाली मी म्हणजे नुसतं गाठोडं झालो होतो. शांता खाटेखाली सतरंजी टाकून झोपायची. मला कुशीवर वळवताना तिची कंबर भरून यायची. ती बोलत नसे, पण बांगड्या जोरात वाजायच्या, त्यावरून मला कळायचं.

डॉक्टरांना काळजी होती ती श्वासाची. आजार छातीपर्यंत चढला तर दम घेता येत नाही. म्हणून ते रोज म्हणायचे, एक श्वास घ्या आणि त्या एका दमात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणा. आकडे म्हणायला लागलं की मला रडू फुटायचं. मग मी स्टॉप म्हणायला लागलो. भोर, कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे. पहिल्या दिवशी एका दमात मी वेल्ह्याला जाऊन परत निघालो होतो. मग गाडी विंझरलाच थांबायला लागली, मग मार्गासनीला. एका सकाळी नसरापूरला दम संपला. डॉक्टरांनी नर्सला जवळ बोलावलं. शांता खाटेच्या दांडीला धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशीही नसरापूर. तिसऱ्या दिवशीही नसरापूरच. डॉक्टर हसले. "थांबलाय," ते म्हणाले. "आता उतरेल." आणि पुढच्या फेरीला मी आंबवण्याला पोचलो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली.

माझे वडील, आबा, सुट्टीच्या दिवशी यायचे. कापूरहोळच्या चौकात एका गॅरेजात ते पत्र्याचं काम करत. चेपलेलं मडगार्ड ठोकून सरळ करण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. ते यायचे, पायथ्याशी बसायचे, माझा अंगठा मुठीत धरायचे आणि जायची वेळ झाली की सोडायचे. बोलण्याचा त्यांना कंटाळा होता, मला सवय होती.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "चालायला लागाल तुम्ही. पण नेम सोडायचा नाही. आणि ज्या दिवशी धावाल, त्या दिवशी मला विसरा."

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी वेगळीच गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "रोज तेच तेच करून माणूस आठवड्यात कंटाळतो. घरी गेलात की एखादं गाणं धरा. पण बघून धरा. गाण्यामागे पाय फरफटत नेऊ नका, पायाला झेपेल असं गाणं शोधा."

मला वाटलं, यात काय अवघड आहे!

गाण्याचा शोध

जगूनानांनी त्यांचा ट्रान्झिस्टर आणून दिला. ओसरीच्या दोन खांबांना आबांनी बांबू आडवे बांधले होते, त्यांना धरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं. शांताने बटण फिरवलं. विरहाचं गाणं लागलं. दोन पावलं टाकली आणि मी बांबूवर डोकं ठेवून उभा राहिलो. असलं गाणं ऐकून धडधाकट माणूससुद्धा खाटेवर पडेल. दुसरं लागलं ते नाचाचं. त्याच्यामागे पाय टाकता टाकता एक पाय दुसऱ्यात अडकला आणि मी आडवा. गंमत म्हणजे सगळ्यात बरं चालणं झालं ते बाजारभाव सांगत होते तेव्हा. कांदा, बटाटा, गूळ, शेंगदाणा. निवेदक एका संथ लयीत सांगत होता आणि मी गुळापर्यंत पोचलोसुद्धा. पण बाजारभाव संपले आणि मी मध्येच उभा.

मग शाळेतली पोरं लेझीम खेळत रस्त्याने गेली, त्यांच्याबरोबर चालून बघितलं. त्यांच्या चार उड्या झाल्या तरी माझं एक पाऊल उचलत होतं. संध्याकाळी वस्तीत बुद्धवंदना व्हायची, तिच्यावरही पाय टाकून बघितले. वंदनेने मन अगदी शांत बसलं, पण मला तर उठायचं होतं.

त्यात माझी एक खोड. एसटीत घंटीच्या दोरीला एक हिसका दिला की थांब, दोन दिले की चल. इतकी वर्षं ते कानात बसलेलं. शेजारणीच्या हातून तांब्या पडला, टण्णकन एकदाच वाजला, की माझा पाय जागच्या जागी थांबायचा. शांता कपाळावर हात मारायची. "आता मी जाऊन तिला सांगू का, दोनदा पाड म्हनून?"

शेवटी शांता स्वतः गायला लागली. भातलावणीला बाया म्हणतात ती गाणी. तिचा आवाज चांगला आहे. पण ती गायची लावणीच्या घाईत, आणि मी म्हणायचो हळू, तर ती इतकं हळू गायची की मधेच मला जांभई यायची. एक दिवस मी तिच्यावर ओरडलो. तिने पदर खोचला.

"मंग तुमीच गा आन् तुमीच चाला! मला काढनी हाय." आणि आबांकडे वळून म्हणाली, "मामंजी, उद्यापासनं ह्यास्नी संगट न्या. घरात बसून माजा जीव खात्यात नुसता."

तिचं चुकलं नव्हतं. शेत तिचं, घर तिचं, आणि वर मी. डेपोतून निरोप आला होता की नाहीच जमलं तर बसून करायचं काम बघू. बसून काम म्हटलं की लोकांना बरं वाटतं. मला ती गोष्ट जिवावर आली होती. मला गाडीतच उभं राहायचं होतं, माणसांच्या गर्दीत, तिकिटाचा पंच वाजवत, "पुढं सरका" म्हणत. ते गेलं तर माझ्यात उरणार काय, असं मला वाटायचं.

कापूरहोळ

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून आबांबरोबर गॅरेजात गेलो. त्यांनी मला जुन्या टायरांच्या थप्पीवर बसवलं आणि ते एका ट्रकच्या मडगार्डाला भिडले. आत एक लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडा. सुरुवातीला मी रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की माझी टाच जमिनीवर आपटतेय. डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी. मी तिला सांगितलं नव्हतं.

मी ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून उभा राहिलो. हातोडा पडत होता: दोन जड, एक हलका, आणि मध्ये जराशी उसंत. त्या उसंतीत माझा पाय वर उचलत होता आणि पुढच्या ठोक्याला खाली येत होता. फाळक्यापासून ट्रकच्या अंगाला धरत धरत मी थेट केबिनपर्यंत गेलो. तिथून मागे वळलो. इतकं मी महिन्यात चाललो नव्हतो. आनंदाने मी ओरडलो, "आबा! आवं ही तर हलगी हाय!"

हातोडा थांबला.

आबांनी हातातल्या हातोड्याकडे पाहिलं. मग तो खाली ठेवला आणि कानस घेऊन दुसरंच काहीतरी घासायला लागले. संध्याकाळी टेम्पोत ते माझ्याकडे बघत नव्हते. उतरताना म्हणाले, "उद्या तू घरीच ऱ्हा."

हलगी

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. आबा तरुणपणी हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे हौस म्हणून नाही, ते आमच्या घराच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम होतं. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, वस्तीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी हाक मारायचं आणि आबांनी निघायचं. पण हात असा होता की जत्रेत कुस्तीच्या फडात त्यांनी हलगी घेतली की पैलवानांच्या मांड्या आपोआप थरथरायच्या. मी लहानपणी पाहिलंय. मला अभिमानही वाटायचा आणि हाक आली की रागही यायचा.

मग आम्ही बौद्ध झालो. सगळ्या वस्तीने ठरवलं, गावकीचं काम बंद. आबांनी स्वतःच्या हाताने हलगीचं चामडं कापून काढलं. राहिलेलं लोखंडी कडं आईने पाण्याच्या हंड्याखाली ठेवलं, हंडा डुगडुगू नये म्हणून. ते आजही तिथेच आहे. गाव दोन वर्षं आमच्याशी बोललं नाही. आबा कापूरहोळला जाऊन हातोडा चालवायला शिकले. हलगीला परत हात लावणार नाही असं त्यांनी आईसमोर म्हटलं होतं, आणि आई गेल्यावर तर तो शब्द आणखीच जड झाला होता.

आणि मी भर चौकात ओरडून त्यांना सांगितलं होतं की तुमच्या हाताने तो शब्द पाळला नाही.

मी घरी राहिलो. त्यांना पुन्हा विचारावं असं माझ्या मनात रोज यायचं आणि रोज मी गप्प बसायचो. रागही यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या पायांना जे हवं होतं ते माझ्याच घरात होतं आणि मागायची सोय नव्हती. मी मांडीवर थाप मारत बांबूंमध्ये चालून बघायचो. थाप मारायला हात सोडला की तोल जायचा, हात धरला की थाप बंद. एका सकाळी तसाच आपटलो. आबा चुळा भरत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, येऊन मला उठवलं, आणि म्हणाले, "चल."

गॅरेजात पोचल्यावर त्यांनी भंगारातलं एक मडगार्ड काढलं, तारेने दारातल्या लिंबाच्या फांदीला टांगलं, आणि हातोडा घेऊन उभे राहिले.

"सदा, हलगी वाईट न्हवती रं," ते म्हणाले. "बोलावनं वाईट व्हतं. हाक आली की ताटावरनं उठायचं. तुजी आय तापानं फनफनली व्हती, तवा बी उठलो. हितं मला कुनी हाक मारली न्हाई. माज्या मनानं वाजवतोय, माज्या लेकासाठी. तुज्या आयला बी चालंल." मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, "आन् एक ध्यानात ठेव. तू दमलास म्हनून म्या थांबनार न्हाई. म्या थांबन तवा थांबायचं."

मला रडू आलं. ते त्यांनी बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली, म्हणून मला चालावंच लागलं.

चाली

रुग्णालयातल्या बाई म्हणाल्या होत्या, पायाला झेपेल असं गाणं शोधा. आबांना शोधावं लागलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चाल धरली ती बेंदराच्या मिरवणुकीची. सजवलेला बैल जसा डुलत, पाय जपून टाकत चालतो, तशी संथ. "तुला सध्या बैलाचीच बरी," म्हणाले. ट्रकच्या एका अंगाने जायचं, दुसऱ्या अंगाने यायचं. गॅरेजात येणारे ड्रायव्हर चहाचे कप हातात धरून बघत बसायचे. एक जण तर नाचायलाच लागला, त्याला आबांनी हातोडा दाखवून गप्प केलं.

बैलाच्या चालीवर ट्रक सुटला आणि काठी आली. मग वरातीची चाल. ती जरा ठसक्याची, तिच्यात मध्येच थांबून वळायचं असतं. तिच्यावर मी वळायला शिकलो. काठी सुटल्यावर फडाची चाल. तिच्यात ठोके अंगावर धावून यायचे आणि पायऱ्या चढाव्यात तशा मांड्या वर उचलायला लागायच्या. मी टायरांच्या थप्पीवर चढायचो आणि उतरायचो, घामाने न्हाऊन निघायचो. दमलो की शिव्या देत चालायचो. आबा थांबायचे नाहीत.

एक चाल मात्र त्यांनी एकदाही काढली नाही. ती मयतापुढे वाजायची, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तिच्या जवळपास हात गेला की ते हातोडा बदलून घ्यायचे.

संध्याकाळी घरी आलो की शांता माझ्या पोटऱ्यांना तेल लावायची. एकदा चाचपून म्हणाली, "मांस धरतंय." आणि किती दिवसांनी हसली. बांगड्याही त्या दिवशी हळू वाजल्या. त्या महिन्यांतलं मला सगळ्यात आठवतं ते हे तेल.

तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. रेडिओवर जे लागेल ते धरू नका. दुसऱ्याला ज्या गाण्याने स्फुरण चढतं ते तुम्हाला चढेलच असं नाही. तुमच्या पायांना लहानपणापासून काय ठाऊक आहे ते आठवा. आणि घरातल्या माणसाकडे ते असेल तर मागा, पण धीराने मागा. त्यांनाही त्यासाठी काहीतरी सोडावं लागत असेल.

पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय असा उडाला की त्यांच्या टेबलाला लागला. "व्यायाम कुणाकडून करून घेता?"

"वडिलांकडून."

"ते काय करतात?"

"मडगार्डं सरळ करतात."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. त्यांनी कामावर जायला लेखी दिलं. "धावणं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. धावणं अजून जमत नव्हतं. पाय उचलायचा, पण दोन्ही पाय एकदम हवेत सोडायची हिंमत होत नव्हती. पडण्याची भीती अंगात मुरली होती.

पुन्हा गाडीत

पहिल्या दिवशी जगूनानांचीच गाडी मिळाली. पेटी खांद्याला लावली, पंच हातात घेतला, आणि वेल्ह्याला ज्या पायरीवर कोसळलो होतो तसल्याच पायरीवरून चढलो. भोर ते कापूरहोळ उभ्याने तिकिटं फाडली. गाडी वळणांवर डुलत होती आणि मी तिच्याबरोबर डुलत होतो. आतून नुसतं गार गार वाटत होतं.

कापूरहोळला उतारू उतरले, नवे चढले. आबा हात पुसत गॅरेजातून आले होते. त्यांना भेटायला मी खाली उतरलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"जमतंय?"

"जमतंय की. फकस्त पळाय तेवढं जमत न्हाई अजून."

"हूं," आबा म्हणाले. ते सावकाश गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि उघड्या तळहाताने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

दोन म्हणजे चल. केबिनमध्ये जगूनानांनी गिअर टाकला आणि गाडी निघाली. मी खाली, पेटी माझ्या खांद्याला, गाडी पुढे.

"नाना! आवं नाना, थांबा!"

"कंडक्टर ऱ्हायला की!" आतून बाया ओरडल्या. इंजिनाच्या आवाजात जगूनानांना ऐकू जाईना. मी वळून आबांकडे पाहिलं, तर ते लिंबाखाली पोचले होते आणि टांगलेल्या मडगार्डावर हातोडा पडला होता. फडाची चाल. पहिल्या ठोक्यापासून घाईची, मागे वळून बघू न देणारी.

"पळ, सदा!"

मी पळालो. पेटी कमरेवर आदळत होती, पंच हातात तसाच होता, आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत होते आणि पुन्हा सापडत होते. दाराची दांडी हाताला लागली, पायरी पायाला लागली. कुणीतरी माझ्या शर्टाला धरून आत ओढलं. सगळी गाडी हसत होती. मी धापा टाकत होतो, आणि भोर ते वेल्हे एका दमात म्हणता येईल इतका श्वास माझ्या छातीत होता.

मागच्या काचेतून लिंब दिसत होता. आबा अजून वाजवत होते. मी घंटीची दोरी धरली. गाडी थांबवायला एक हिसका पुरे होता. मी दोन दिले.